परसातील भाजी आणि दारातील यंत्र

आजच्या माझ्या विषयात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: परसात पिकणारी भाजी, वाडीत फिरणारा लहानसा ट्रॅक्टर आणि माल वाहून नेणारा टेम्पो. प्रथमदर्शनी ही मोट विसंगत वाटेल. भाजी हा गृहिणीचा विषय, ट्रॅक्टर हा शेतकऱ्याचा आणि टेम्पो हा ड्रायव्हरचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. परंतु रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोणत्याही गावी सायंकाळी देवळाच्या पारावर जाऊन बसावे, म्हणजे ह्या तिन्ही गोष्टी एकाच संभाषणात किती सहज मिसळतात हे ध्यानात येते. एक गृहस्थ पडवळाच्या वेलाला कीड लागल्याची तक्रार सांगत असतात. दुसरे त्यावर राखेचा उपाय सुचवतात आणि बोलता बोलता आपल्या टिलरचे इंजिन गार असताना चालू का होत नाही ह्याची चर्चा सुरू करतात. तिसरे पूर्वी एस. टी. चालवीत असत, त्यांना इंजिनाचा शब्द कानी पडताच स्फुरण चढते. आणि चौथा तरुण मात्र एवढेच विचारतो की, वाशीच्या बाजारात उद्या भेंडीला भाव काय मिळेल?

ह्या गप्पा हौशी माणसांच्या असतात, म्हणून पुष्कळ लोक त्यांना रिकामटेकडेपणा समजतात. मला तसे वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावरील लहान शेती टिकणार की नाही, हा प्रश्न ह्या हौसेशी निगडित आहे, असे माझे मत आहे. आणि ते मत आपणांपुढे मांडावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

प्रथम ही शेती कशी आहे ते पाहू. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी आदी गावांचा जो पट्टा अष्टागर म्हणून प्रसिद्ध आहे, तेथील वाड्या म्हणजे नारळ आणि सुपारी यांचे दाट उपवनच. ह्या झाडांच्या सावलीत अळू, सुरण, मिरवेल आणि केळी. विहिरीच्या पन्हाळीजवळ जेथे ऊन पोहोचते, तेथे माठ, मुळा, मिरची आणि वांगी. कुंपणावर तोंडली, मांडवावर पडवळ, दोडकी आणि कारली. वाडीच्या पलीकडे भाताची खाचरे असतात. भात कापून झाले, की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात; हिवाळ्यातील दंवावर तो वाढतो आणि पौष-माघात शेंगांनी लगडतो. त्याच शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून, पाण्याचा थेंबही न लावता भाजल्या, की तिला पोपटी म्हणतात. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव इत्यादी गावी ह्याच खाचरांतून अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदा निघतो. त्याच्या माळा गुंफून बायका रस्त्याच्या कडेला विकावयास बसतात. गोडसर चव आणि कमी तिखटपणा ह्या गुणांमुळे ह्या कांद्याची कीर्ती फार जुनी आहे. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन देण्याचा निर्णय झाला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

आता कोणी म्हणेल, अशा ह्या शांत सावलीच्या जागी इंजिनाचा धडधडाट कशाला? आपल्या वाडवडिलांनी यंत्रावाचून वाड्या राखल्या, त्या आपण का राखू नयेत? आक्षेप सात्त्विक आहे, परंतु खरा नाही. आपल्या वाडवडिलांपाशी यंत्र होते. बैल गोल फिरत आहे, लाकडी चक्राचे दाते एकमेकांत अडकून फिरत आहेत, आणि माळेला बांधलेली मडकी विहिरीतून भरून वर येऊन पन्हाळीत रिकामी होत आहेत, असा रहाट ज्यांनी बालपणी पाहिला असेल, त्यांना तो कुरकुर आवाज आजही आठवेल. रहाट हे पूर्णार्थाने यंत्रच होते. त्याची दुरुस्ती गावचा सुतार करी आणि त्याला लागणारी माती व लाकूड गावातच मिळे. शिवाय ते वाडीच्या आकाराचे होते. विहीर एक, बैल एक आणि भिजणारी वाडी तेवढीच. यंत्र कसे असावे, ह्याचा उत्तम वस्तुपाठ रहाटाने आपणांस देऊन ठेवला आहे.

ह्या आकाराच्या मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण सारी गोम येथे आहे. आपली जमीन एकरांत मोजण्याचे दिवस गेले. आता ती गुंठ्यांत मोजली जाते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. आजोबांचा एक एकर चार मुलांत वाटला, की प्रत्येकाला १० गुंठे. त्यांपैकी एकाला तीन मुलगे असले, की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सव्वातीन गुंठे. अशा तुकड्यात ४०-४५ अश्वशक्तीचा, दीड-दोन टन वजनाचा ट्रॅक्टर घातला, तर त्याचा अर्धा वेळ वळण्यात जाणार, बांध ढासळणार आणि ओल्या खाचरात मातीचा खालचा थर दडपून टणक होणार. उलट, बैलजोडी ठेवावी म्हटले, तर वर्षातील थोड्या दिवसांच्या कामासाठी बारा महिने तिचे वैरणपाणी करणे आज फारच थोड्या घरांना परवडते. बैल गेले, मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही, आणि कुदळीने खणावे तर हात उरले नाहीत. घरातील तरुण मुंबईला किंवा कारखान्यात. ह्या तीन कारणांनी कितीतरी परसबागा आणि खाचरे पडीक राहिली आहेत.

ह्या पेचातून वाट काढणारे यंत्र म्हणजे पॉवर टिलर. आपण मागून चालायचे, दोन मुठी हाती धरायच्या आणि पुढे फिरणारी पाती माती भुसभुशीत करीत जातात, अशी ही रचना. तिचा उगम विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. स्वित्झर्लंडमधील कॉनराड फॉन मायेनबर्ग यांनी फिरत्या दात्यांनी माती फोडण्याचे यंत्र त्या काळी सिद्ध केले. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ साली आपल्या वडिलांच्या शेतावर असेच प्रयोग केले. त्याच्यापुढील अडचण अशी होती की, फिरणारी पाती माती बाजूला उडवून देत. पात्यांना इंग्रजी एल अक्षरासारखा बाक देऊन त्याने ती दूर केली, आणि १९२० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या टिलरखाली वाकून पाहिले, तर तोच बाक आजही दिसेल. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील लहान लहान भातखाचरांत मागून चालवायचे यंत्र घरोघर पोहोचले. आपल्या देशात १९६७ साली बंगळूर येथे व्ही. एस. टी. कंपनी मित्सुबिशीच्या साहाय्याने स्थापन झाली. १९७३ साली केरळ शासनाच्या कॅम्को कंपनीने कुबोटाच्या साहाय्याने तेच कार्य हाती घेतले. म्हणजे जपानच्या आणि केरळच्या भातशेतीला जे मानवले, ते कोकणच्या भातशेतीस अपरिचित राहण्याचे कारण नव्हते.

हे यंत्र श्रम किती वाचवते, ह्याचा हिशेब शाळेतील मुलेही करू शकतील. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचे तास एक वीत, म्हणजे पाऊण फूट रुंद धरले, तर एक एकर नांगरताना माणसाला ५८,०८० फूट, म्हणजे बरोबर ११ मैल चालावे लागते. सुमारे १८ किलोमीटर झाले. टिलरच्या पात्यांची रुंदी दोन फूट धरली, तर हीच चाल चार मैलांच्या किंचित वर येते. आता आपल्या चार गुंठ्यांच्या परसाचे पाहा. टिलर ताशी एक मैल इतक्या मंद गतीने चालविला, तरी एका गुंठ्यास सहा-सात मिनिटे पुरतात. वळणे आणि आडवी-उभी दुसरी फेरी धरूनही तासा-दीड तासात चार गुंठे तयार होतात. जे काम कुदळीने करताना पाठ मोडत असे, ते सकाळच्या न्याहारीपूर्वी आटोपते. साठी उलटलेल्या माणसाला हा हिशेब विशेष समजतो!

तथापि, हौस आली की तिच्यामागून अतिरेक येतो, म्हणून चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. यंत्र घेण्यापूर्वी आपल्या परसाच्या बेड्याची रुंदी आणि बांधाची उंची मोजावी. जे बेड्यातून आत येत नाही, ते कितीही देखणे असले तरी आपल्या उपयोगाचे नाही. ज्यांचे केवळ भाजीचे वाफे आहेत, त्यांना पाच-सात अश्वशक्तीचे पेट्रोलवरील हलके यंत्र पुरते. भाताची चिखलणी करणाराने डिझेलचा मोठा टिलर आणि त्याची लोखंडी जाळीची चाके घ्यावीत. जमीन वाफशावर आल्याशिवाय पाती फिरवू नयेत. ओल्या चिकण मातीचे लोणी होते आणि वाळल्यावर त्याची वीट बनते. वारंवार पाती फिरवून मातीचा भुगाही करू नये, कारण पहिल्या पावसात तो वाहून जातो. नारळ-सुपारीची मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, म्हणून बुंध्याभोवती दोन-अडीच हात जागा सोडावी आणि तेथे खुरपेच चालवावे.

सुरक्षिततेविषयी एक शब्द अधिक. फिरत्या पात्यांना धोतर, लुगडे आणि माणसाचा पाय यांतील भेद कळत नाही. यंत्र मागे घेताना पाती आधी थांबवावीत. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर विषारी असतो. आणि ज्या विहिरीला कठडा नाही, तिच्या दिशेने यंत्र कधीच रोखू नये.

आणखी एक व्यवहार्य सूचना. प्रत्येक घराने आपापले यंत्र घ्यावे, ही गरज नाही. वर्षातून जे यंत्र फार तर १५-२० दिवस चालते, ते उरलेले दिवस पडवीत गंज खाते. आळीतील पाच-सहा घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे, एकाने त्याची निगा राखावी आणि तासावर आकार ठरवावा. रहाटाच्या दिवसांत पाण्याच्या पाळ्या लावून घेणारी आपली माणसे; यंत्राच्या पाळ्या लावणे त्यांना जड जाऊ नये.

परसात भाजी पिकली, पण ती घरच्या गरजेहून अधिक झाली, तर ती बाजारी नेणे आले. येथे टेम्पोचा विषय येतो. टेम्पो हा शब्द आज मराठी शब्दासारखा आपल्या तोंडी रुळला आहे; परंतु मूळचे ते जर्मनीतील हँबुर्गजवळच्या एका तीनचाकी मालमोटारीचे नाव. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली, ती मोटार इकडे बनू लागली आणि नावाचे सामान्यनाम झाले. पुढे २००५ साली टाटांनी एस नावाची चिमुकली चारचाकी मालमोटार काढली. लोकांनी तिचे छोटा हत्ती असे बारसे केले, आणि अरुंद पाखाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहणारी ती गाडी भाजीवाल्यांची लाडकी झाली. मोठा ट्रक भरण्यास सारा गाव लागतो. छोटा हत्ती चार घरांच्या मालाने भरतो. म्हणजे टिलरचा जो गुण, तोच ह्या गाडीचा: आकार आपल्या मापाचा.

पूर्वी ह्या किनाऱ्यावरील माल रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरत असे, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की वाहतूक खोळंबे. २०२० च्या मार्चपासून मांडवा आणि भाऊचा धक्का यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली; १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. मुंबईचे गिऱ्हाईक जवळ आले. पण श्रोतेहो, रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. ज्या रस्त्याने आपली भाजी मुंबईस जाते, त्याच रस्त्याने आपली जमीन घेणारा मनुष्य मुंबईहून येतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला समुद्र आवडतो आणि त्याच्यापाशी पैसा आहे. परंतु पडीक परस विकले जाण्यास वेळ लागत नाही. ज्या परसात वालाचा वेल चढलेला आहे, ते विकताना मात्र घरातील कोणीतरी हरकत घेतोच. जमीन राखण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती पिकती ठेवणे होय.

ही जमीन आपल्या ताब्यात सहजासहजी आलेली नाही, ह्याचे स्मरण तरुणांना करून दिले पाहिजे. ह्याच अलिबाग तालुक्यात चरी गावी १९३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा. सहा वर्षे, १९३९ पर्यंत, त्या लोकांनी नांगर खाली ठेवला आणि विपन्नावस्था सोसली, पण शब्द मोडला नाही. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन म्हणून ठरून कसणारा मनुष्य जमिनीचा धनी झाला. ज्या जमिनीसाठी आजोबांनी सहा वर्षे नांगर खाली ठेवला, तिच्यात नातवाने पाती फिरवू नयेत, ह्याहून मोठी विसंगती कोणती?

भाजीचा आणखी एक उपकार आपण अलीकडेच अनुभवला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, श्रीवर्धन, रेवदंडा येथील वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नारळाचे रोप लावल्यापासून फळ हाती येण्यास सहा-सात वर्षे, सुपारीसही जवळजवळ तितकीच. तोपर्यंत संसार चालावा कशावर? माठ महिन्याभरात काढता येतो, मुळा सव्वा महिन्यात, भेंडी दीड महिन्यात तोडणीस येते. झाडे पडल्याने जेथे प्रथमच ऊन पोहोचले, तेथे भाजीचे वाफे घालणे हाच शहाणपणाचा उपाय होता. वाडी ही आपली ठेव. भाजी ही हातखर्चाची रक्कम.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. यंत्र हात वाचवते, टेम्पो वाट वाचवतो. परंतु बियाणे कोणतेही यंत्र राखून देत नाही. पांढऱ्या कांद्याचेच पाहा. कांदा हे दोन हंगामांचे पीक. पहिल्या हंगामात गड्डा मिळतो. त्यांतील उत्तम गड्डे निवडून, जपून, पुढल्या हंगामात पुन्हा लावले, म्हणजे त्यांना फुलांचे गोंडे येऊन बी धरते. ते बी एक वर्षाच्या पुढे नीट उगवत नाही. शिवाय मधमाश्या एका गोंड्यावरचे पराग दुसऱ्या गोंड्यावर नेतात, त्यामुळे जवळपास तांबडा कांदा फुलला असेल, तर पांढऱ्याचे शुद्ध बी मिळत नाही. दोहोंत अर्धा-एक किलोमीटर अंतर असावे लागते. म्हणजे हे बियाणे एकट्याने राखता येत नाही. त्यासाठी साऱ्या शिवाराचे ऐकमत्य लागते. एका वर्षी सर्वांनी कंटाळा केला, तर मानांकनाचा कागद कपाटात राहील आणि कांदा मात्र गेलेला असेल. आताच कोठला तरी पांढरा कांदा आणून, त्याची माळ गुंफून, अलिबागचा म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. खरे बियाणे संपले, तर तो खोटा कांदाच खरा ठरेल.

वालाचे मात्र सोपे आहे. त्याचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते. म्हणून वेलावरील उत्तम शेंगा वाळू द्याव्यात, दाणे उन्हात तापवून राखेत घालून मडक्यात ठेवावेत, एवढे पुरते. दोडके, पडवळ वेलावरच पिकू द्यावे आणि पूर्वीच्या बायका टांगीत असत त्याप्रमाणे वाशाला टांगून ठेवावे. कोणत्या नक्षत्रावर काय पेरावे, कोणती शेंग बियाण्याची, हे ज्ञान आपल्या आया-आज्यांपाशी आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही.

ह्याच ठिकाणी तरुणांची हौस उपयोगी पडणारी आहे. मुलाला आपण, चल, कुदळ घे आणि परस खण, असे म्हटले तर तो दुसऱ्या दिवशी मुंबईची बोट धरील. पण, हा टिलर चालवून पाहा, ह्याचे तेल बदल, ह्याची पाती बसव, असे म्हटले तर तो आनंदाने येतो. पाती फिरली की तो माती पाहतो. माती पाहिली की विचारतो, आता येथे लावायचे काय? त्या क्षणी आजीने मडक्यातील वालाचे दाणे त्याच्या हाती द्यावेत. यंत्राच्या ओढीने आलेला मुलगा बियाण्यापाशी पोहोचला, की आपले काम झाले.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती थोडकी आहे. ज्यांच्या परसात एक गुंठाही जागा असेल, त्यांनी येत्या हंगामात ती पडीक ठेवू नये. यंत्र घ्यावयाचे तर आपल्या बेड्याच्या मापाचे आणि शक्य तर शेजाऱ्यांच्या भागीत घ्यावे. प्रत्येक घराने निदान एका भाजीचे बियाणे स्वतः धरावे आणि शेजाऱ्याला मूठभर द्यावे. आणि पारावर टिलर, टेम्पो व तोंडली यांच्या गप्पा रंगल्या असतील, तेथे आपल्या नातवंडांस अवश्य बसवावे. त्या गप्पांतून त्यांना जे मिळेल, ते शाळेच्या पुस्तकात नाही. हे एक जुना शिक्षकच सांगत आहे.